उजव्या खांद्यावरून

९ जानेवारी

आत्या,

नमस्कार, खुशाली वगैरे सगळं ठीक आहे असं समज, त्यात मला शाई घालवायची नाही. सोबत बारा प्रिंट आणि तीन कॉन्टॅक्ट शीट आहेत. तूच म्हणाली होतीस ना, नुसते निवडक फोटो पाठवू नकोस, अख्खं रीळ बारीक छापलेला तो कागद पाठव, म्हणजे तुझं डोकं कुठून कुठे भरकटतं ते कळेल. पाठवलाय. आता बघ आणि सांग, माझं नेमकं चुकतंय काय?

कारण काहीतरी चुकतंय खास. सहा महिने झाले, चष्म्याच्या दुकानातली सकाळ मी मालकांच्या विनवण्या करून मोकळी करून घेतली. रोज उजाडलं की तुझा जुना कॅमेरा गळ्यात अडकवायचा आणि घड्याळाच्या चौकापासून पुलापर्यंत एकच रस्ता तुडवायचा. एकच लेन्स, झूम नाही, काटछाट नाही, सगळे तुझे नियम. फोटो स्वच्छ येतात, उजेडही बरोबर असतो आणि तरी सगळे मेलेले! किल्लीवाला किल्ली घासतोय, पण असा, जणू किल्ली घासण्याचं नाटक करायला कोणी बसवलाय. इस्त्रीवाली बाई इस्त्री हातात धरून उभी. अगं, फिरव की ती!

तुमच्या शहरातल्या त्या संस्थेचा अर्ज तीस एप्रिलला बंद होतो. एका रस्त्याचे पंधरा फोटो, कॉन्टॅक्ट शीटसकट. निवड झाली तर वर्षभर तिथे राहून हेच काम शिकायचं. जूनमध्ये मला पस्तीस पूर्ण होतात आणि त्यांची अट पस्तिशीच्या आतली आहे. म्हणजे हे वर्ष गेलं की गेलंच. जन्मभर लोकांच्या चष्म्याच्या काचा पुसत बसायचं आणि स्वतः काही बघायचं नाही, हे मला नकोय गं.

बाबांना अजून बोलले नाही. निवृत्त झाल्यापासून ते सकाळी वाचनालयात जातात, येताना भाजी आणतात, वेळ बरा जातो त्यांचा. माझ्याबद्दल त्यांच्या डोक्यात कान आणि गाड्या, एवढंच असतं. निघताना रोज विचारतात, "मशीन लावलंस ना?" मी हो म्हणते आणि कोपऱ्यावर गेले की काढून खिशात टाकते. तुलाच म्हणून सांगते. ऐकायचं ते मशीन कानात असलं की अख्खा रस्ता डोक्यात खडखडतो. काढलं की डोळे मोकळे होतात.

लवकर लिही. आणि गोड लिहायच्या भानगडीत पडू नकोस.

तुझी,
भिंगरी

१७ जानेवारी

भिंगरे,

गोड लिहिण्याचा आरोप माझ्यावर आजवर कोणी केलेला नाही.

शीट दोनदा बघितली. दुसऱ्यांदा बघताना चहा गार झाला, एवढंच काय ते तुझ्या फोटोंचं यश. बाई, तू लोकांची परवानगी मागतेस. नाही म्हणू नकोस. मी वर्तमानपत्रात जन्म घालवलाय, परवानगी दिलेला माणूस मला पाठमोरासुद्धा ओळखू येतो. मान ताठ, पोट आत, आणि चेहऱ्यावर 'घ्या एकदाचा'. विचारणं वाईट नाही, सभ्यपणाचंच आहे, पण ते नंतर. फोटो झाला की पुढे हो, हस, सांग कोण आहेस, त्याला नको असेल तर तो फोटो छापू नकोस. आधी विचारलंस तर तो माणूस उठून जातो आणि त्याच्या जागी त्याचा पाहुणा येऊन बसतो.

दुसरं. तुझा रस्ता कायम मोकळा कसा? सकाळच्या वेळी समोर ना सायकल, ना टेम्पो. मंत्री यायचा असतो का रोज?

तिसरं. कॅमेरा डोळ्याला लावून फोकस शोधत बसतेस, तोवर समोरचा सावध होतो. आकडे आधीच लावून ठेवायचे. तुमचा रस्ता बराचसा सावलीतला आहे, म्हणून अॅपर्चर ५.६, शटर अडीचशे आणि अंतर दहावर. दहाच्या आगेमागे जो येईल तो स्वच्छ येणार. तुझं काम फक्त तिथवर पोचायचं. आणि एक जागा पकडून उभी राहा. नाटकामागे धावायचं नसतं, ते ज्या चौकटीतून जाणार तिथे आधी जाऊन थांबायचं असतं. दाबण्याआधी चौकटीच्या चारी कडा बघ. मधलं सगळ्यांनाच दिसतं.

आत्या

२ फेब्रुवारी

आत्या,

दोन रिळं पाण्यात गेली, आणि तुझ्यामुळे गेली!

'अंतर दहावर' म्हणालीस. लावलं. सगळी माणसं धुक्यातून आल्यासारखी, आणि लांबच्या पाटीवरचं 'येथे थुंकू नये' मात्र लखलखीत. दोन दिवस डोकं फोडलं तेव्हा कळलं, लेन्सवर दोन पट्ट्या आहेत. पिवळी फुटांची, पांढरी मीटरची. तू पिवळी धरून बसलीस, मी पांढरी. एवढी मोठी फोटोग्राफर आत्या आणि फूट की मीटर ते लिहायला शाई कमी पडली?

आणि मी परवानगी मागत नाही. आईशपथ सांगते. मी रस्त्यावर कोणाशी बोलतच नाही, मशीन काढल्यावर मला ऐकू कुठे येतं? तू म्हणायचीस लोक अंगावर येतात, शिव्या देतात, कॅमेऱ्यावर हात मारतात. इथे एकानेही कधी कपाळाला आठी घातली नाही. पार नाकाजवळ गेले तरी लोक बाजूला सरून जागा देतात. एवढं चांगलं वागायची गरज काय यांना? परवा परतताना मशीन लावलेलं होतं, तेव्हा किल्लीवाला म्हणाला, "ताई, कुठवर आलं शिक्षण?" मी शिकतेय हे याला कसं कळलं देव जाणे. माझा चेहराच शिकाऊ दिसत असेल.

पिवळ्या पट्टीवरचं तिसरं रीळ पाठवतेय. स्वच्छ आहे. आणि मेलेलंच आहे.

घरीही कोणी धड नाही. काल मी घरात शिरले, पाठोपाठ बाबा धापा टाकत आले, पिशवीत दोन बटाटे. म्हटलं, एवढ्यासाठी बाजार गाठलात? म्हणाले, "बरे दिसले."

भिंगरी

११ फेब्रुवारी

भिंगरे,

लेन्सवर दोन पट्ट्या असतात हे सहा महिने कॅमेरा वागवल्यावर कळलं, याबद्दल अभिनंदन. फूट. कायम फूट. पुढे चल.

तिसऱ्या रिळात मला एक चमत्कारिक गोष्ट दिसली, म्हणून जुनी शीटही काढून बघितली. तुझी माणसं कॅमेऱ्याकडे बघत नाहीत. तेही ठीक, न बघितलेलं उत्तमच. पण ती आपल्या कामाकडेही बघत नाहीत. सगळी तुझ्या उजव्या खांद्यावरून मागे बघताहेत. किल्लीवाला, इस्त्रीवाली, सायकलवरचा शिपाई, झाडून सगळे. आणि चेहऱ्यावर तेच समजूतदार हसू. माझ्या फोटोंत माणसं एक तर माझ्याकडे बघायची, नाहीतर बघायचीच नाहीत. हा तिसरा प्रकार माझ्या पाहण्यात नाही.

काय आहे तुझ्या मागे? जाऊन बघ.

आणि सूर्य कायम बाजूला ठेव, पाठीशी नको. थंडीतला सूर्य खाली असतो, तुझीच सावली चौकटीत येऊन पडेल. चेहरेही सपाट होतात.

आत्या

३ मार्च

आत्या,

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मला सापडलं. घड्याळ! चौकातल्या बँकेवरचं घड्याळ. मी चौकाकडून पुलाकडे जाते, म्हणजे घड्याळ माझ्या मागे, उजवीकडे, उंचावर. सकाळची घाईची वेळ, लोक घड्याळ बघणारच. इतका आनंद झाला की घरी येऊन बाबांना सांगितलं, "माझ्या फोटोंत सगळे मागे बघतात, आणि का ते मला आज कळलं." त्यांच्या हातातून कप पडला. म्हटलं, अहो, घड्याळ! तर म्हणाले, "हो हो, घड्याळच. मोठं आहे ते."

मग उलट चालायला लागले. पुलाकडून चौकाकडे. आता घड्याळ समोर, मागे नुसता पूल. आणि काय सांगू, आता लोक पुलाकडे बघतात! पुलावर काय बघायचंय? कठडा?

आत्या, मला नाही जमत हे. मी नियम पाळले, माझी चूक नसताना तुझ्या शिव्या खाल्ल्या, न्हाणीघरात रिळं धुऊन धुऊन बोटांची सालं निघाली. पण समोरच्या माणसाला माझ्यात बघण्यासारखं काही दिसतच नसेल, मी उभी असून नसल्यासारखी असेन, तर कोणती पट्टी लावू मी? शेवटच्या रिळाला मुद्दाम, रागाने, सूर्य पाठीशी घेतला. म्हटलं, निदान माझी सावली तरी येईल. मी इथे होते, एवढं तरी दिसेल.

ते रीळ सोबत आहे. मी नीट बघितलंही नाही. अर्ज राहू दे. काचा पुसते तेच बरं आहे.

भिंगरी

१२ मार्च

दादा,

तुझी प्रकृती विचारत नाही. रोज सकाळी चौक ते पूल आणि पूल ते चौक करणाऱ्या माणसाची प्रकृती ठणठणीतच असणार.

लेकीने रीळ पाठवलंय. सूर्य तिच्या पाठीशी आहे आणि रस्त्यावर दोन सावल्या पडल्यात. एक तिची, कॅमेरा धरल्यामुळे कोपरं बाहेर आलेली. दुसरी तिच्या मागून आलेली, उजवीकडे, लांबलचक. एका हाताला पिशवी लोंबते आहे. दुसरा हात खांद्याच्या रेषेत आडवा आणि पंजा उभा. मी भिंग लावून बघितलं, पण भिंगाची गरज नव्हती. तो हात मी लहानपणी जेवणाच्या ताटावरही पाहिलाय. "थांब, आधी आईला वाढू दे."

लाज नाही वाटत रे तुला? ती तिकडे स्वतःला नालायक समजून कॅमेरा खुंटीला टांगायला निघाली आहे! तिला वाटतं लोकांना ती दिसतच नाही. कशी दिसणार? मागे साक्षात वाहतूक पोलीस उभा असताना पुढच्या वाटसरूकडे कोण बघतं?

आणि हे तू पहिल्यांदा करत नाहीस. माझं पहिलं काम आठवतं? कारखान्याच्या दारातला संप. मी कॅमेरा घेऊन निघाले आणि मागून तू सायकलवर. "बहीण आहे माझी, जरा वाट द्या." कामगारांनी दिली की वाट! दोन रांगा करून, हाताची घडी घालून. संपादक फोटो बघून म्हणाले, संप आहे की कवायत? पुढच्याच महिन्यात मी इकडची नोकरी धरली. तुला आजवर वाटतं, इथे पगार जास्त होता म्हणून. पगार कमी होता, दादा.

सोमवारपासून घरी बसायचं. नाहीतर मी तिला कळवीन.

तुझी बहीण

१८ मार्च

चि. ठमीस,

पत्र मिळाले. मजकूर समजला.

मी मागे असतो हे खरे आहे. परंतु तू फोटो बघतेस, मी रस्ता बघतो. डोळ्याला कॅमेरा लावून ती मागे मागे चालते. भर रस्त्यात मागे मागे! कानात मशीन नसते. कोपऱ्यावर काढून खिशात टाकते, ते मला ठाऊक आहे. मी विचारतो, ती हो म्हणते, मी बरे म्हणतो. दुसरे काय करणार? चौतीस वर्षांच्या मुलीचे खिसे तपासायचे?

ऑक्टोबरमध्ये पाण्याचा टँकर तिच्या मागून येत होता. चालकाने तीनदा हॉर्न दिला. ही तशीच उभी, भिंतीवरच्या मांजराचा फोटो काढत. मी टँकरवर दोन्ही हात आपटले तेव्हा तो थांबला. हिची पाठ आणि टँकर यांच्यात एक माणूस मावेल एवढी जागा उरली होती. मी मावलो, म्हणून खात्रीने लिहितो. ती फोटो काढून पुढे निघून गेली. तिने मागे बघितलेसुद्धा नाही. तो मांजराचा फोटो तुझ्याकडे आला असेल. कसा आला आहे?

लोकांचे म्हणशील तर पहिल्याच आठवड्यात सलूनवाला वस्तरा हातात घेऊन पाठीमागून तिच्या अंगावर धावून आला होता. त्याला मी मधेच गाठून खुणेनेच सांगितले, मुलगी आहे माझी, शिकते आहे, चालू द्या. मग ते सगळ्या रस्त्याला ठाऊक झाले. फोटोसाठी नीट उभे राहा असे मी कोणालाही सांगितलेले नाही. लोक आपणहून राहतात. ती वळली की मी दुकानात शिरतो. माझी चोरी पकडली जाऊ नये म्हणून किल्लीवाला मला इशारा करतो. एवढी वर्षे चौकात उभा राहिलो, त्याचा एवढा तरी उपयोग.

तो अर्ज मी पाहिला आहे. शिवणाच्या डब्याखाली ठेवला होता. तुमच्याकडचे रस्ते मी पाहिले आहेत. तिकडे माझ्या हाताला कोण थांबणार? आणि मी तिकडे येणार तरी कसा?

सोमवारचे बघतो. तिला लिहू नकोस. तिची आई असती तर तिने मला रागावून घरी बसवले असते, आणि मला ते ऐकावे लागले असते.

दादा

२४ मार्च

भिंगरे,

अर्ज राहू दे, हे वाक्य मी वाचलेलं नाही.

तुला एक गोष्ट शिकवायची राहून गेली, ती आता शिक. सगळे जिकडे बघताहेत, तिकडेच कॅमेरा धरायचा हे कोणालाही सुचतं. मैदानात सामना रंगात आला की चांगला फोटोग्राफर मैदानाकडे पाठ करतो आणि बघणाऱ्यांचे फोटो काढतो. तुझं कायम उलट झालंय. बघणारे तुझ्या समोर आहेत, सामना तुझ्या मागे चाललाय, आणि तू एकदाही वळली नाहीस.

आता नीट वाच. सूर्य बाजूला असेल अशी वेळ धर. अंतर दहा फूट. फूट! पुलाजवळ बस वळते तिथे जा, नेहमीसारखे दोनचार फोटो काढ. मग समोरचा माणूस तुझ्या खांद्यावरून मागे बघायला लागला की तिथल्या तिथे गर्रकन वळ आणि बटण दाब. आधी बघायचं नाही. आधी बघितलंस तर तुझा हात थांबेल, आणि मग तो फोटो कधीच होणार नाही.

का, ते मला विचारू नकोस. घरी तर कोणालाच विचारू नकोस.

आत्या

६ एप्रिल

आत्या,

तुला माहीत होतं.

प्रिंट सोबत आहे. मी वळले आणि दाबलं. मग कॅमेरा खाली घेतला आणि बघितलं, आणि बाबांनी मला बघितलं, आणि बस तशीच थांबून राहिली. मी सरळ घरी आले. ते मागून आले. या वेळी लपत नव्हते, म्हणून मला त्यांची पावलं जास्तच जाणवत होती.

आधी न्हाणीघरात जाऊन रीळ धुतलं, वाळवलं. प्रिंट त्यांच्यासमोर ठेवली आणि विचारलं, "कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"बाबा!"

"पहिल्यापासून. तू जेवून घे."

मग मी जे बोलले ते तुला लिहीत नाही. शेवटी एवढं म्हणाले, की आता माझ्या सगळ्या फोटोंत माझं काय उरलं? लोक तुमच्यासाठी उभे राहिले. रस्ता तुम्ही मोकळा केलात. हसू तुमच्यासाठी आलं. सहा महिने नव्हे, नऊ महिने मी तुमच्या पुढे कॅमेरा घेऊन नुसती चालत होते.

तर म्हणतात कसे, "बटण तूच दाबलंस की."

मला इतका राग आला आत्या, की हसूच फुटलं, आणि हसू आलं याचा परत राग आला. त्यांचा राग, किल्लीवाल्याचा राग, आणि तुझा तर सगळ्यात जास्त. तू सरळ लिहू शकत होतीस. मला वाटत होतं, मला हे काम येत नाही. ते येतं की नाही हे आजही मला माहीत नाही, कारण आजवर मी एकटी या रस्त्यावर उभीच राहिलेली नाही!

टँकरचंही त्यांनी सांगितलं. खाली मान घालून, चूक कबूल केल्यासारखं. मी उठून मांजराचा फोटो शोधला. मांजरसुद्धा माझ्या उजव्या खांद्यावरून मागे बघतंय.

प्रिंट बघ. काय करू या फोटोचं?

भिंगरी

११ एप्रिल

भिंगरे,

सरळ लिहिलं असतं तर तू भांडली असतीस आणि हा फोटो झाला नसता. माझ्यावर राग धर, मला सवय आहे.

प्रिंट तासभर समोर ठेवून बसले. बस हातभर अंतरावर, चालकाने कपाळाला हात लावलेला, दादाचा चष्मा नाकावर घसरलेला, तोंड उघडं, पिशवीतून भाजीची जुडी बाहेर लोंबतेय. त्याला ना तुझी शुद्ध आहे ना कॅमेऱ्याची. तो फक्त बस बघतोय. उभ्या जन्मात त्याने मला असा फोटो काढू दिला नाही. कॅमेरा दिसला की टोपी सारखी करायचा.

काम तुला येतं. आता विचारू नकोस परत.

पाठव. आधी ते खांद्यावरून बघणारे चौदा, मांजरासकट. शेवटी हा. खाली एकच ओळ, खरी, कोण आणि कुठे एवढीच. पण त्याआधी दादाला विचार. हो, मीच सांगते आहे. म्हटलं होतं ना, परवानगी नंतर मागायची असते. आता ते 'नंतर' आलंय.

आत्या

२२ एप्रिल

आत्या,

विचारलं. आधी नाही म्हणाले. का, तर डोक्यावर टोपी नाही आणि पिशवीतली मेथी दिसते. "खात्यातल्या कोणी बघितलं तर? माणूस ड्यूटीवर भाजी घेऊन उभा आहे." म्हटलं, बाबा, तुम्ही ड्यूटीवर नव्हता. तर म्हणाले, "तुला काय माहीत?"

मग उठले, ट्रंकेतून गणवेश काढला, स्वतः इस्त्री केला, पांढरे हातमोजे चढवले आणि दारात हात आडवा करून उभे राहिले. "आता काढ. हा पाठव." मी काढला. रीळ होतं गं कॅमेऱ्यात, उगाच शंका घेऊ नकोस. अगदी तुझ्या संपातल्या कामगारांसारखा आलाय, तेही बाबांनीच सांगितलं. तो घरात भिंतीवर लावला. त्याच्याकडे बघून त्यांचं समाधान झालं आणि मग हळूच म्हणाले, "तो दुसरा पाठवायचा तर पाठव. पण खाली निवृत्त लिही."

लिहिलं. 'निवृत्त वाहतूक पोलीस, पुलाजवळ, मुलीच्या मागे.' काल अर्ज टाकला.

घरात तह झालाय. मी रस्त्यावर मशीन काढायचं नाही, आणि मी परत येईपर्यंत त्यांनी उंबरा ओलांडायचा नाही. पहिल्याच दिवशी दोघांनीही मोडला. मी कोपऱ्यावर थांबून मशीन काढत होते आणि ते कोपऱ्यावरून डोकावत होते. दोघंही रंगेहाथ! आता कोणी कोणाला रागवायचं? मुकाट्याने मशीन परत लावलं, ते मुकाट्याने परत गेले. अजून कानात नुसता कल्लोळ होतो आणि एक फोटो धड येत नाही. वैताग आलाय. पण कल्लोळ माझा आहे.

भिंगरी

१४ जुलै

बाबा,

पोचल्याचं पत्र आत्याने टाकलंच आहे, त्यामुळे राहण्याजेवण्याची चौकशी करू नका. तिच्या घरात बसायला जागा कमी आणि खोकी जास्त आहेत. संस्थेच्या वर्गात मी सगळ्यांत मोठी. सगळे मला ताई म्हणतात आणि माझा डबा माझ्याआधी उघडतात.

आज मला पहिली शिवी मिळाली.

एक बाई दुकानाचं शटर वर ढकलत होती. अर्धं वर गेलं आणि अडकलं. तिने त्याला लाथ घातली. मी दहा फुटांवर होते, मी दाबलं. ती वळली आणि सरळ माझ्याकडे बघितलं. खांद्यावरून नाही बाबा, माझ्या डोळ्यांत. आणि मग सुटली. काय म्हणाली ते लिहीत नाही, तुम्ही तिच्या नावाने चलन फाडाल. पण शब्दन् शब्द ऐकू आला. मशीन कानात होतं.

मी पुढे जाऊन सांगायला हवं होतं, कोण, कशासाठी. मी कॅमेरा छातीशी धरून तिथेच उभी राहिले. आणि दाबताना घाई केली, त्यामुळे फोटोही हलला. आत्या म्हणाली, "जिवंत आहे. पण हललाय. उद्या परत जा, आधी शटर वर करायला हात लाव, मग बोल." म्हणजे उद्या परत तीच बाई.

तुम्हाला सांगायचं ते वेगळंच आहे. ती ओरडत असताना मीच माझ्या उजव्या खांद्यावरून मागे बघितलं. म्हटलं, तुम्ही काहीतरी खूण कराल तिला. मागे कोणी नव्हतं. मला भयंकर राग आला. तुम्हाला घरी बसा म्हणून मीच भांडले होते, आणि राग तुमचाच आला, की तुम्ही ऐकलंत का माझं? रस्त्यात उभी राहून रडले थोडी. ती बाईसुद्धा परत शटरकडे वळली.

मग मागचाही एक फोटो काढला. तो सोबत पाठवतेय. त्यात बघण्यासारखं काही नाही, नुसता रस्ता आहे. पण तुम्ही रस्ताच बघता, म्हणून तुम्हाला. डाव्या कडेला टेम्पो दिसतोय ना, तो माझ्याच अंगावर येत होता. त्याने हॉर्न दिला आणि मी बाजूला झाले. एकाच हॉर्नला, बाबा.

तुमची,
भिंगरी